किल्लीच्या आधी

ताईची गाडी आवाज करते हे सगळ्या गल्लीला आधी कळलं, ताईला सगळ्यांत शेवटी. सकाळी चालू केली की इंजिनाच्या पुढच्या बाजूने डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड यायची आणि जरा वेळाने विरायची. ‘थंडीने होत असेल’ म्हणून ती दिवस ढकलत होती. लोकांचे गुडघे आणि कमरा ताळ्यावर आणणारी बाई, पण गाडीचं दुखणं अंगावर काढायची. शेवटी मीच तिच्या हातातून किल्ली काढून घेतली.

मी मेकॅनिक. गॅरेज घराला लागूनच आहे: एक शेड, पुढे फरशीचं अंगण, मागे स्वयंपाकघर. ताई माझी थोरली बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते. ती फिजिओथेरपिस्ट आहे आणि तिचे निम्मे पेशंट डोंगराखालच्या वस्तीत राहतात. तिथे जायचा रस्ता सगळा उताराचा, वळणावळणांचा. टायमिंग चेन म्हणजे इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग एका तालात ठेवणारी साखळी. ती उतारावर तुटली की इंजिन जागच्या जागी बंद, ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही दगड. रात्री डोळे मिटले की मला तेच दिसायचं. ताई सोडली तर मला दुसरं कोणी नाही.

लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या पुढच्या कव्हरवर टेकवून मूठ कानाला लावली, तेव्हाच कळलं की रोग चेनचाच आहे. चेनला ताणून धरणारा टेन्शनर दमला होता. कव्हर काढलं तर आतून चेनने घासघासून चर पाडलेला, आणि तिला वळण देणाऱ्या पट्टीचा तुकडा खाली तेलात. मी चेन, टेन्शनर, पट्ट्या, दातेरी चाकं, सगळं नवं घातलं. खुणेला खूण जुळवली. एक दात मागेपुढे झाला तरी सगळं मुसळ केरात. म्हणून पाना लावून इंजिन हाताने फिरवलं, खुणा परत तपासल्या आणि मगच किल्ली दिली. बोनेटवर पाण्याचा ग्लास ठेवावा इतकं शांत चालू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन कसं बोलतं ते ऐकायला शेडमध्ये गेलो. किल्ली हातात होती, गाडीचं दार अजून बंद होतं, आणि खडखड झाली.

तीच खडखड, तेवढीच लांब, तशीच विरली. मी बोनेट उघडून हात ठेवला. इंजिन गार होतं. मग आत बसून किल्ली फिरवली तर गाडी निमूट चालू झाली. आवाजाचं नाव नाही.

उंदीर असेल, शेजारचा पंप असेल. मी मनाची समजूत घातली, पण मन काही ऐकेना. दुपारपर्यंत मी पुन्हा सगळं उघडून बसलो होतो. खुणा सरळ, चेन ताठ. खोट काढायला जागा नव्हती, आणि त्याचाच मला राग येत होता. जोडून टाकलं. किल्लीला हात लावायच्या आत पुन्हा खडखड झाली, आणि या वेळी सकाळपेक्षा बरीच आधी.

खडखड गेली नव्हती. ती नुसती किल्लीच्या आधी सरकली होती.

मी मागे जाऊन हात धूत होतो. शेडमधून गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. पाठोपाठ ताई करवादली, “छोट्या, सीट कोणी मागे घेतली रे?”

“मीच!” म्हणत बाहेर आलो. शेडमध्ये कोणी नव्हतं. गाडीला कुलूप होतं.

मी तसाच उभा राहिलो. साबणाचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं. मग फाटक वाजलं आणि ताई खांद्याला बॅग लावून आत आली. माझ्या खिशातली किल्ली तिने स्वतःच काढली, दार उघडलं, आत बसली आणि करवादली.

“छोट्या, सीट कोणी मागे घेतली रे?”

मी काही बोलणार तेवढ्यात पुन्हा खडखड सुरू झाली. ताईने किल्ली अजून लावलीही नव्हती. खडखडीमागून गाडी फाटकाबाहेर पडल्याचा आवाज आला, मग उतारावर कमी होत जाणारी घरघर. मग टायर घासले. मग काच.

ताई माझ्याकडे बघत होती. तिला यातलं काही ऐकू आलं नव्हतं.

“उतर,” मी म्हणालो.

“का? झाली म्हणालास ना?”

“एक दात पुढे बसलाय बहुतेक.”

“बहुतेक? तू डॉक्टर झाला असतास तर गावं ओस पाडली असतीस. वस्तीतल्या त्या पेशंट आजी वाट बघतायत माझी. त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालंय.”

मी पाना उचलला. बोनेट उघडलं, दोन बोल्ट सोडून टेन्शनर बाहेर काढला आणि खिशात घातला. आता ही गाडी कुठेच जाणार नव्हती. ताई चिडली, बडबडली, मग फोन करून तिने आजींना उद्याचं सांगितलं.

माझा जीव भांड्यात पडला.

स्वयंपाकघरात चहा टाकला. ती समोर बसली, धडधाकट, फुगलेल्या गालांनी. आवाज आला म्हणजे तसं घडलंच पाहिजे असं थोडंच आहे? मला हसू येत होतं.

“चहा झाला की जोड ती,” ताई म्हणाली. “आणि मला द्यायच्या आधी स्वतः वस्तीपर्यंत जाऊन ये. मी शेजारी बसणार नाही हं, तुझ्या त्या बहुतेकवर.”

बरोबरच होतं तिचं. दुरुस्त केलेली गाडी आधी मेकॅनिकने चालवून बघायची असते. उतार मीच उतरायचा होता.

ताईने कप तोंडाला लावला.

“छोट्या,” ती म्हणाली.

मी वर पाहिलं. ती चहा पीत होती.

“छोट्या. अरे छोट्या.” आवाज अगदी जवळून येत होता, कोणीतरी गुडघे टेकून, खाली वाकून बोलावं तसा. “ओ दे ना रे.”

ताईने कप खाली ठेवला. “काय बघतोयस असा?”

मी हात वर करून तिला गप्प केलं. हाका थांबत नव्हत्या. प्रत्येक हाकेनंतर थोडी शांतता पडत होती, आणि त्या शांततेत मी कान देऊन माझ्या उत्तराची वाट बघत होतो.