समवकिलाची साक्ष

रेवाला वाटलं होतं, समवकील म्हणजे खोलीभर यंत्रं असतील. प्रयोगशाळेच्या टेबलावर डब्याएवढी काळी पेटी होती.

“राज्यातल्या सगळ्या वकिलांनी चालवलेले खटले यात आहेत,” तो बनवणारे डॉ. मुजावर म्हणाले. “रोज नवे भरले जातात. त्यांतून हा सर्वसाधारण, सक्षम वकील घडतो. वकिलावर निष्काळजीपणाचा दावा चालवायचा, तर तज्ज्ञाची साक्ष लागतेच. पूर्वी ती ज्येष्ठ वकिलांकडे मागायचे. पण रोज शेजारी बसणाऱ्याविरुद्ध बोलणार कोण?”

“हा बोलतो. आणि चहाही मागत नाही,” रेवाच्या वकील शेंडेबाई म्हणाल्या.

रेवाचे वडील, अण्णा, कच्चे कैदी म्हणून तुरुंगातच वारले. हृदय निकामी होत चालल्याचा दाखला त्यांचे वकील देशकर यांच्याकडे पडून होता; आजारपणासाठी जामिनाचा अर्ज त्यांनी केलाच नाही. ही चूक होती, एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं.

मुजावरांनी प्रकरण पेटीत भरलं. पडद्यावर उत्तर आलं: सर्वसाधारण सक्षम वकिलाने असा अर्ज केला नसता.

“दाखला असूनही?” रेवाने विचारलं.

मुजावर चष्मा पुसत राहिले. “आधी बरेच जण करायचे. मग वकील प्रत्येक पावलाआधी यालाच विचारू लागले. हा सांगायचा, बहुतेक करत नाहीत. उरलेल्यांनीही सोडलं. देशकरांनी यालाच विचारलं होतं.”

“ज्याने सल्ला दिला, तोच साक्षीदार?”

“कायदा रिवाज बघतो,” शेंडेबाई म्हणाल्या. “आणि रिवाज आता हाच.”

“मग तो बदलणार कसा?”

“वकील वेगळे वागले तर,” मुजावर म्हणाले.

रेवा वळली. “बाई, साक्षीच्या या नियमालाच आव्हान देऊ. सुरुवात तुम्ही करा.”

“करते की! सोडते का मी!” म्हणत शेंडेबाईंनी फोन काढला आणि नेहमीच्या सवयीने समवकिलाला प्रश्न टाकला. मग त्यांचा अंगठा थांबला.

“काय म्हणतो?”

“आव्हान देऊ नये.” त्यांनी फोन पालथा ठेवला. “याचं न ऐकता हरले, तर उद्या तू माझ्यावर दावा लावशील. साक्षीला हाच येईल.”

“मी नाही लावणार.”

“देशकरांना तुझे अण्णाही हेच म्हणाले असते. तरी आज तू दावा लावायला निघालीसच ना?”

शेंडेबाई पिशवी उचलून निघाल्या. पेटीवरचा दिवा लुकलुकला. आणखी एका वकिलाने पाऊल उचललं नव्हतं. तेही आत नोंदलं गेलं.