न सरकणारी रेघ

माझ्या भाच्याचा जीव माझ्या मामाने घेतला. घरात हे कुणी बोलत नाही, कारण मामा मोठा माणूस. मोठा म्हणजे नवजात बाळांच्या वॉर्डाचा प्रमुख, आणि घरातल्या सगळ्या बाबतीत शेवटचा शब्द त्याचा. मी डॉक्टरकी अर्धवट सोडलेला. माझ्या शब्दाला पायपुसण्याइतका मान.

त्या दुपारी मी ताईचं दूध बाटलीत घेऊन वॉर्डात गेलो. पडदे ओढलेले. स्पिरिटचा वास, आणि काचेच्या पेट्यांमधून हवेची बारीक सुसू. भाच्याच्या पेटीपाशी एक तरुण डॉक्टरीण सोनोग्राफीचा प्रोब त्याच्या चिमुकल्या छातीवर धरून उभी होती. बाळ निळं पडत चाललं होतं.

"सर, डाव्या फुफ्फुसाची ही पांढरी रेघ श्वासाबरोबर सरकायला हवी. सरकत नाहीये. फुफ्फुसातून बाहेर सुटलेली हवा त्याला दाबतेय. आत्ता सुई घालून काढू या."

"एक्स-रे येऊ दे," मामा म्हणाला. एक्स-रेवाला जेवायला गेला होता.

"तोवर बाळ थांबेल का, सर?"

"तुझ्या जन्माआधीपासून सुया घालतोय मी, बाई. असल्या खेळण्याच्या भरवशावर नाही."

"मामा, ऐक ना तिचं," मी म्हणालो.

"तू गप. पहिलं प्रेत बघून पळालेला तू!"

त्याने तिच्या हातातून प्रोब हिसकावला आणि शर्टाची बटणं काढली. "मशीन बिघडलंय. थांबा, दाखवतोच." प्रोब त्याने स्वतःच्याच छातीवर दाबला.

मशीनच्या पडद्यावर बरगड्या उमटल्या. आगकाड्यांसारख्या बारीक, एकमेकींना खेटलेल्या. त्यांच्याखाली पांढरी रेघ. निश्चल.

"बघा! मी इथे धडधाकट उभा, आणि हे म्हणतंय..."

"सर..." तिने पडद्यावर बोट टेकवलं. "सर, या बरगड्या... तुमच्या नाहीत. मोठ्या माणसाच्या एवढ्या लहान नसतात."

मामा हसायला गेला. हसू तोंडातच राहिलं. त्याने प्रोब पोटावर नेला, खांद्यावर नेला. चित्र तेच. आम्ही खिळल्यासारखे बघत राहिलो, आणि पाठीमागे मॉनिटर एकसुरी किंचाळला.

ती झेपावली. सुई घातली. हवा फसकन बाहेर आली, पण बाळ गेलं होतं.

त्याच क्षणी पडद्यावरची रेघ सरकायला लागली. भरभर, इवल्या इवल्या श्वासांनी. प्रोब अजून मामाच्या अंगावर होता.

त्यानंतर मामा वॉर्डात शिरला की सगळ्या पेट्यांमधली बाळं एकदम श्वास रोखून धरायची. तो दाराबाहेर गेला की पुन्हा घ्यायला लागायची. नर्सेसनी पाहिलं, मोठमोठ्या डॉक्टरांनी पाहिलं. कारण कुणालाच सापडलं नाही.

मामाला वॉर्ड सोडावा लागला.