पोरका बंब

मारिसेलचा फोन आला तेव्हा मी नुकताच जेवून उठलो होतो. दुपारचा एक वाजला असेल. बाहेर उणे एकतीस, तळ्यावरून सुटलेला वारा, आणि ऊन इतकं लख्ख की बर्फाकडे बघवत नव्हतं. अशा दिवसांत आमच्या धंद्यातल्या माणसाचा फोन गप्प बसत नाही.

"डोरी सर ना? आमचं घर तापतच नाहीये हो. भट्टी दिवसभर घुरघुरते, आणि मी घरात कोट घालून फिरते."

"सर म्हणू नकोस. पत्ता सांग."

"बरं, सर. तिसरी गल्ली, हिरव्या छपराचं घर. सगळे लाउगा अम्माचं घर म्हणतात ते."

'दुसऱ्या कुणाला तरी बोलाव', हे अगदी ओठांवर आलं होतं. पण गावात घर तापवायच्या भट्ट्या बसवणारा मी एकटाच, आणि त्या घरातली भट्टी तर माझ्याच हातची. मी बूट चढवले आणि निघालो.

साहेब, तुम्ही गॅस खात्याचे तपासनीस. भट्टी म्हणजे काय आणि धुराडं म्हणजे काय हे तुम्हाला मी शिकवायला नको. पण तुमच्या त्या कागदावर सगळं नीट उतरायला हवं, म्हणून मुळापासून सांगतो.

लाउगा अम्मा माझ्या नात्यातली नव्हती. पणजोबांच्या काळी आइसलँडहून येऊन वसलेल्या आमच्या या गावात म्हाताऱ्या बायकांना सगळेच अम्मा म्हणतात, पण ही खरोखरच सगळ्या गावाची आजी होती. माझी आई गेल्यावर माझं निम्मं जेवण हिच्याच टेबलावर झालं. नाताळात ती सुक्या आलूबुखारांच्या थरांचा केक करायची, वेलदोडा घालून, आणि त्यातला एक माझ्या नावाचा वेगळा काढलेला असायचा. चार वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, मी तिची जुनी भट्टी काढून नवी बसवली. जुनी भट्टी आणि पाणी तापवायचा गॅसचा बंब, दोघांचा धूर एकाच विटांच्या धुराड्यातून जायचा. भट्टी धुराडं तापवायची, मग बंबाचा धूरही तिच्याबरोबर सुखाने वर चढायचा. नव्या भट्टीला धुराडं लागत नाही. तिचा धूर गारच असतो, तो प्लास्टिकच्या पाइपने भिंतीतून बाहेर जातो. मागे राहतो एकटा बंब. त्या मोठ्या थंडगार धुराड्यात त्याचा धूर वर चढत नाही, उलटून घरात उतरतो. त्याला वास नाही, रंग नाही. आमच्या धंद्यात अशा बंबाला पोरका म्हणतात.

अम्मा कॉफी घेऊन तळघरात उतरली होती. दातांत साखरेचा खडा धरून ती म्हणाली, "डोरी, हा आता एकटाच राहिला की रे. एवढ्या मोठ्या धुराड्यात जीव घाबरेल त्याचा."

"अम्मा, तू तुझा केक सांभाळ. बंबाचं मी बघतो."

धुराड्यात वरपासून खालपर्यंत ॲल्युमिनियमची बारीक नळी सोडायची, एवढाच उपाय होता. नळी गाडीत नव्हती. म्हटलं, पुढच्या आठवड्यात. चाचणी मात्र केली. घर बंद करायचं, स्वयंपाकघरातला हवा बाहेर ओढणारा पंखा लावायचा, बंब पेटवायचा आणि त्याच्या माथ्यावरच्या धुराच्या टोपीपाशी विझवलेली काडी धरायची. काडीचा धूर आत ओढला गेला तर ठीक, बाहेर आला तर धोका. माझ्या काडीचा धूर आत गेला. जाणारच! पाइप आत घ्यायला म्हणून मी तळघराची खिडकी सताड उघडी ठेवली होती, आणि ती मी बंदच केली नाही. कार्डावर 'तपासलं, सुरक्षित' असं लिहून सही ठोकली आणि कार्ड बंबाला टांगून आलो. पुढचा आठवडा काही उजाडला नाही.

डिसेंबरात अम्मा चर्चसाठी केक भाजत होती. पंखा चालू, कपडे वाळवायचं यंत्र चालू, गरम पाणी चालू. दुपारी तिने मला फोन केला, "डोकं दुखतंय रे, जरा येऊन बघ." मी पोचलो तेव्हा ती खिडकीजवळच्या खुर्चीत गेलेली होती. तुमच्या खात्याचा माणूस आला. बाहेरची ताजी हवा तळघरात आणणारा जो नळ असतो, त्यात त्याला फडक्याचा बोळा सापडला. त्यातून थंडी येते म्हणून म्हातारी माणसं असे बोळे कोंबतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. निकाल लागला, म्हातारी बोळा काढायला विसरली. बोळा काढला, घर बंद पडून राहिलं, यंदा थंडीच्या तोंडाशी विकलं, बंब तसाच राहिला. आणि गावाला एक म्हण मिळाली. कुणी विसराळूपणा केला की म्हणायचे, "लाउगासारखं करू नकोस बाई!" तिची शवपेटी उचलणाऱ्या सहा जणांत मी होतो. माझी मान खाली होती. लोकांना ते दुःख वाटलं.

तर त्या दिवशी मारिसेलने दार उघडलं. फिलिपिन्सची, वृद्धाश्रमात नर्स, बोलायला चुरचुरीत. तिची सहा वर्षांची मुलगी टोपी आणि हातमोजे घालून टेबलाशी चित्र काढत होती. स्वयंपाकघराच्या तिन्ही खिडक्या अर्ध्याअर्ध्या वर सरकलेल्या होत्या.

"या उघड्या ठेवल्यास तर भट्टी काय सूर्य आणला तरी घर तापायचं नाही," मी म्हणालो.

"मी कशाला उघडू? रोज लावते मी. मासे तळायला पंखा लावला की पाच मिनिटांत पुन्हा वर. तुमच्या गावच्या भुताला सुक्या माशांचा वास सोसत नाही, दुसरं काय!" ती हसली. मला हसू आलं नाही.

"विषारी वायूचा गजर आहे का घरात?"

"आहे की. कधीच वाजला नाही."

मी खिडक्या खाली ओढल्या, कड्या लावल्या. म्हटलं, पंखा लाव. गरम पाण्याचा नळ सोड. आम्ही तिघंही उभे राहिलो. पंख्याची घरघर, नळाची धार, आणि खाली तळघरात बंब पेटल्याचा तो भप्प आवाज. एक मिनिट. दोन. मला वाटलं, काही होणार नाही…

मग वास आला. वेलदोड्याचा.

"हा बघा," मारिसेल कुजबुजली. "आधी हा वास येतो. मी वेलची वापरत नाही, सर…"

सिंकवरच्या खिडकीची कडी फिरली. सावकाश. जोर कमी असलेला, सांधे आखडलेला हात फिरवतो तशी. लाकूड किरकिरलं. खिडकी बोटभर वर आली, थांबली… दम घेतल्यासारखी थांबली, आणि पुन्हा वर सरकली. मग दुसरी. मग तिसरी. बाहेरचा गार वारा माझ्या मानेवर आला आणि मला घाम फुटला.

मी तळघरात उतरलो. बंबाला माझं कार्ड अजून टांगलेलं होतं, माझी वळणदार सही. काडी पेटवली, विझवली, टोपीपाशी धरली. धूर वळला आणि सरळ माझ्या तोंडावर आला. वायू मोजायचं कमरेचं यंत्र ओरडायला लागलं. चार महिने या मायलेकी या हवेत जेवत होत्या, झोपत होत्या, आणि गजर एकदाही वाजला नव्हता, कारण दर वेळी त्याच्या आधी खिडक्या उघडत होत्या. जे काम मी सही करूनही केलं नव्हतं, ते ती मेल्यावर करत होती. माझीच मला इतकी शरम वाटली की मी पायरीवर बसून राहिलो. गॅसची तोटी मात्र आधी बंद केली.

मारिसेल खाली आली. "काय झालं? बरं नाही का?"

मी तिला सांगितलं. नळी, तळघराची खिडकी, कार्ड. आणि चार वर्षं जे बायकोलाही सांगितलं नव्हतं तेही सांगितलं, की तो बोळा अम्माने कोंबला नव्हता, मी कोंबला होता. तपासनीस यायच्या आधी.

तिचा चुरचुरीतपणा कुठल्या कुठे गेला होता.

"म्हणजे ती आम्हाला जगवत होती," ती म्हणाली. "आणि मी चार महिने तिला शिव्या घालत तिच्या खिडक्या बंद करत होते. मला माहीत नव्हतं हो. तुम्हाला तर माहीत होतं."

मी उठलो आणि गाडीतून अवजारं आणली.

त्याच संध्याकाळी तो बंब मी उपसून काढला आणि विजेवरचा बसवला. धुराडं वरून बंद केलं. तिसऱ्या दिवशी मारिसेलचा फोन आला. घर उबदार आहे, खिडक्या हलत नाहीत, वासही गेला. "चुकल्याचुकल्यासारखं वाटतं," म्हणाली. मी फोन ठेवला आणि वळलो तर सिग्गा, माझी बायको, स्वयंपाकघरात कोट घालून उभी होती.

"या खिडक्या कशाला उघडल्यास, डोरी? वेड लागलंय का?"

मी उघडल्या नव्हत्या. माझ्या घरची भट्टी मी सात वेळा तपासली, साहेब. काडीचा धूर दोरीसारखा सरळ आत जायचा. तरी मी ज्या खोलीत बसेन, तिथली खिडकी उघडायची. आधी वेलदोडा, मग कडी, मग ते किरकिरणं. सिग्गाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला नको सांगूस, तिच्या गावाला सांग." रविवारी प्रार्थनेनंतर कॉफीच्या वेळी मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की लाउगा अम्मा विसराळू नव्हती, मी खोटारडा होतो. कुणी ओरडलं नाही. माझ्या टेबलावरचे दोघं आपापले कप उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले, बस. मला वाटलं, झालं, तिचं नाव धुतलं गेलं.

घरी आलो आणि खिडकी उघडली.

मग मी भट्टी काढली. गॅसची जोडणीच तोडून टाकली. आता या घरात सगळं विजेवर आहे. आग म्हणून काडीसुद्धा पेटत नाही. खिडक्या उघडतच राहिल्या. "तुझ्या पापापायी मी का कुडकुडू?" म्हणून सिग्गा बहिणीकडे निघून गेली. जाताना दारात थांबली आणि म्हणाली, "तू अजून काहीतरी सांगितलेलं नाहीस, डोरी." चाळीस वर्षांचा संसार आहे. बाईला कळतं.

म्हणून तुम्हाला बोलावलं. लिहा.

मी पोचलो तेव्हा लाउगा अम्मा गेलेली नव्हती.

ती खुर्चीत होती. चेहरा लाल, डोळे अर्धवट उघडे. मी दारातूनच ओळखलं, काय झालंय ते. अंगावरचा कोटही न काढता मी तिच्यापाशी गेलो, तर तिने मला ओळखलं. ओठ हलले. "डोरी," म्हणाली, "खिडकी उघड रे…" बस, एवढंच. खिडकी माझ्या हाताच्या अंतरावर होती. एक कडी फिरवायची, वर ढकलायची. आणि माझ्या डोक्यात आलं ते कार्ड. माझी सही. लायसन्स. गाव काय म्हणेल? "हो अम्मा, आलोच," म्हणालो, ओट्यावरचं तिचं फडकं उचललं आणि तळघरात गेलो. वाटलं, मिनिटाचं काम. त्या हवेच्या नळाचं तोंड फळीमागे उंचावर होतं. बोळा बसेना. खाली पडला, पुन्हा कोंबला. माझंही डोकं गरगरत होतं. सात मिनिटं गेली असतील, आठ. वर आलो तेव्हा तिने मान वळवली होती. खिडकीकडे. तेवढंच जमलं होतं तिला.

मग मी खिडकी उघडली. मग मदतीचा फोन केला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी ताजी हवा मिळती तर… मीच त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही.

झालं. आता काही उरलं नाही. लिहिलंत ना सगळं?

बघा… बघा, ती खाली येतेय. तुमच्या मागची खिडकी. तुम्ही हात लावला नाहीत, मीही नाही. कडीसुद्धा लागली. महिन्याभरात पहिल्यांदा या घरात खिडकी बंद झाली, साहेब. मला हलकं वाटायला हवं, नाही का?

पण वेलदोड्याचा वास जात नाहीये. उलट वाढलाय. आणि या घरात गॅस नाही, भट्टी नाही, कशालाच ज्योत नाही, मी स्वतः सगळं तोडलंय… मग माझ्या कपाळात हे काय ठणकतंय? तुमचंही डोकं जड झालंय का? पेन थांबलं तुमचं. उठता येत असेल तर तुम्ही उठा, ती खिडकी तुम्ही उघडा. तिने मागितली तेव्हा मी उघडली नाही. आता स्वतःसाठी कुठल्या तोंडाने उघडू?