धक्क्याला बांधलेली बोट लागते कशी?

"खिडक्या लावा! दार लोटा! पोराला वारा लागता कामा नये!" मामीने फर्मान सोडले आणि लिंबू पुन्हा एकदा केबिनमध्ये कोंडला गेला.

लिंबू हा मामाचा आठ वर्षांचा मुलगा. मामाच्या मोटरबोटीत पाऊल टाकल्यावर थोड्याच वेळात त्याचा चेहरा ज्या रंगाचा होई, त्यावरून हे नाव पडले होते. ते ठेवणारी त्याची आतेबहीण शंका तेरा वर्षांची होती. प्रत्येक उत्तरावर नवा प्रश्न विचारण्याच्या खोडीमुळे तिलाही तिचे नाव रीतसर मिळाले होते. तिचा धाकटा भाऊ बेडूक पाण्याबाहेर मुख्यतः जेवायला येत असे.

"त्याला बोट लागते," मामा निकाल वाचून दाखवावा तसा म्हणाला. "उद्या दीपगृहाच्या बेटावर जाताना सगळं बंद करून त्याला केबिनमध्येच झोपवू. डोळे मिटून पडला की बरं वाटेल."

"पण मामा, बोट अजून हललीच कुठे?" शंकाने विचारले.

बोट खरोखरच धक्क्याला दोरांनी जखडलेली होती. पाणी ताटलीत ओतल्यासारखे निश्चल होते. बॅटरी भरावी म्हणून इंजिन तेवढे चालू होते.

"काहींना ती नुसती पाहूनही लागते!"

"मग धक्क्यावरून पाहताना का नाही लागत?"

"शंके, सुटीत डोक्यालाही सुटी द्यावी!"

न समजलेल्या गोष्टीला एखादे नाव चिकटवायचे आणि ती समजली असे मानून चहा प्यायचा, ही मोठ्या माणसांची विद्या शंकाला चांगलीच परिचित होती. ती मामीकडे वळली. "मामी, केबिनमध्ये बसून तुझंही डोकं दुखतं ना?"

"माझी अर्धशिशी जुनीच आहे गं."

"कधीपासूनची?"

"बोट घेतली ना, तेव्हापासूनची," मामी म्हणाली, आणि आपण काय बोललो याची दखल न घेता लिंबूला पांघरूण घालायला गेली.

शंकाने कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात इंजिन तपासायला मिस्त्री आले. त्यांनी इंजिन बंद केले, केबिनच्या तळातले झाकण उचलले आणि हात भाजू नये म्हणून तापलेल्या इंजिनावर गार पाण्याचा डबा रिकामा केला. फस्स्! वाफेचा लोट उठला. तो विरल्यावर शंका वाकली. सगळ्या सिलिंडरांतला धूर गोळा करून मागच्या नळीत सोडणारा बिडाचा जाडजूड भाग, म्हणजे मॅनिफोल्ड, चंदेरी रंगाने लखलखत होता. मात्र त्या रंगावर एक तपकिरी, करपलेली रेघ उमटली होती आणि रेघेखाली काजळी होती.

"मिस्त्रीकाका, ही रेघ कसली?"

"रंग सुकल्याची."

"रंग सुकताना करपतो?"

"अगं बाई, हे इंजिन आहे, अत्तराची कुपी नव्हे! थोडा वास यायचाच!" असे म्हणून मिस्त्रींनी झाकण आदळले.

दुपारी मोठी माणसे घोरू लागली, तेव्हा शंका आणि बेडूक झाकण उघडून बसले. बेडकाने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने रेघेवर खरवडले. रंगाचा पापुद्रा निघाला, त्याखालून पुट्टी भुरभुरली आणि पुट्टीखाली बिडाला गेलेली चीर दिसली!

"म्हणजे धूर सगळा बाहेर जातच नाही," शंका हळूच म्हणाली. "केबिनमध्ये येतो. आणि त्यातला सर्वांत वाईट वायू दिसत नाही की त्याचा वासही येत नाही. मुकाट्याने रक्तात शिरतो."

"आणि आपण लिंबूला वारा लागू नये म्हणून..." बेडूक बंद खिडक्यांकडे बघू लागला.

त्यांनी मामाला उठवले. चूक झाली!

"चीर? मिस्त्रींनी पाहिलंय सगळं!"

"पाहिलंय म्हणूनच तर पुट्टी भरलीय, मामा!"

"पुरे! त्या माणसाच्या हाताखालून शेकडो इंजिनं गेलीत. उद्या सकाळी निघायचंय, जा, सामान भरा!"

शंका बाहेर आली ती दात आवळूनच. "हा आपलं ऐकणार नाही. मिस्त्रींचंच ऐकणार."

"मग काय करायचं?"

"त्याला स्वतःचं ऐकू दे. तो माणूस त्याला फार पटतो!"

संध्याकाळपर्यंत इंजिन गार झाले. बेडकाने नळीवरची पकडपट्टी सैल करून धुराची रबरी नळी मॅनिफोल्डपासून सोडवली. मॅनिफोल्डच्या उघड्या तोंडात हवेची गादी फुगवायच्या पायपंपाची नळी खुपसून भोवती ओली चिंधी गच्च कोंबली. शंकाने मॅनिफोल्डवर साबणाचा दाट फेस फासला. झाकण लोटून त्यावर रिकामी गादी पसरली. जणू काही पंपाची नळी गादीतच शिरली होती!

"मामा! पाय मोडले आमचे, ही गादी फुगतच नाही!" बेडूक ओरडला.

मिस्त्रींना अखेरची पाहणी करायला घेऊन आलेला मामा छाती काढून पुढे झाला. "तुमच्या पायांत दमच नाही! सरका!"

भस्स, भस्स! मामा पंप मारू लागला. मामीही लिंबूचा हात धरून दारात उभी राहिली. गादी मात्र ढिम्म.

"जोरात, मामा!"

"मारतोय ना! अरे, हवा टिकतच नाही. चीर आहे कुठेतरी."

"नक्की? मिस्त्रीकाका, तुम्हांला काय वाटतं?"

"चीरच," मिस्त्री म्हणाले. "साहेब बरोबर सांगतात."

"एवढा जोर लावूनही हवा जाते, म्हणजे चीर असणारच!" मामा धापा टाकत गरजला. "लहान मूलही सांगेल!"

"लहान मूल दुपारपासून तेच सांगतंय!" शंकाने गादी बाजूला फेकून झाकण उचलले. "पाय थांबवू नकोस, मामा. खाली बघ!"

त्या चंदेरी मॅनिफोल्डवर, चिरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, साबणाचे बुडबुडे पटापट फुगत होते, फुटत होते, पुन्हा फुगत होते.

मिस्त्रींनी घसा खाकरला. "थोडी पुट्टी आणखी..."

"मिस्त्री!" मामी कडाडली. "उद्या माझं पोर इथे झोपणार होतं. आणि खिडक्या मी लावणार होते. मी!" तिने लिंबूला उचलले आणि थेट धक्क्यावर नेऊन उभे केले.

मामाने पंपावरचा पाय काढला. "नवीन मॅनिफोल्ड येईपर्यंत ही बोट हलणार नाही," तो पडलेल्या चेहऱ्याने म्हणाला.

नवा भाग आला आणि जुना काढताना गंजलेल्या एका बोल्टने मान टाकली, तेव्हा मिस्त्रींनी सगळ्या बोल्टजातीचा उद्धार केला. तुटका तुकडा निघाला, जागा घासून साफ झाली, जोडाच्या मधली नवी चकती बसली. या वेळी फेस मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने फासला. एकही बुडबुडा नाही! इंजिन चालवून पाहिले, बंद केले, आणि मिस्त्रींनी सवयीने गार पाण्याचा डबा उचलला.

"नाही!!!" तिन्ही मुले एकदम किंचाळली.

"तापलेल्या काचेच्या पेल्यावर गार पाणी ओताल?" शंकाने विचारले. "बीडही तसंच तडकतं. पहिली चीर कशी पडली असेल, सांगा बघू?"

मिस्त्रींनी डबा खाली ठेवला. "इंजिन आपोआप निवेपर्यंत बसेन मी," ते पुटपुटले. "पुट्टी मारून वर रंग चढवला, ते वाईट केलं. चुकलोच."

त्यानंतरच्या सकाळी बोट बेटाकडे निघाली. मामा सुकाणूपाशी सांगू लागला, "आमच्या घराण्यात चिकित्सक बुद्धी पहिल्यापासूनच आहे!"

"ती तुमच्या बहिणीकडे गेली," मामी म्हणाली. मग तिने शंकाला जवळ ओढले. "शाबास आहे तुझी. यापुढे तुला कोणी गप्प बस म्हटलं तर मला सांग. मी म्हटलं तरी सांग."

शंका काही बोलणार, तोच केबिनमध्ये धाडकन काहीतरी कोसळले. लिंबू बेडकाच्या छाताडावर बसून त्याच्या मुठीतले शेवटचे बिस्किट उपसत होता. त्याचे गाल लालबुंद झाले होते आणि तो असा काही बोंबलत होता की इंजिनाचा आवाज ऐकू येईना.

"काय हा कटकट्या मुलगा!" शंका वैतागून म्हणाली, आणि डोळे पुसत त्यांना सोडवायला धावली.