बगळा बिनआवाज उतरला

हे लिहायचं नाही असंच ठरवलं होतं. दिवसभर नाशिकला पोलीस कचेरीत दुसऱ्यांच्या जबान्या टाईप करतो. टायपिंग कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकलो, त्यामुळे बोटं जास्तच आंबतात. घरी येऊन परत तेच करायला जीव होत नाही. तरी बसलोय.

सदतीस साल. होळी होऊन गेली होती. देवळाली कँपातून निरोप आला. लष्कराचं एक विमान दारणेच्या तलावाकाठी गाळात उतरलं होतं. गोरा वैमानिक बेशुद्ध, इस्पितळात. विमान मोडलेलं, पण जागेवर. त्याचं रिव्हॉल्वर मात्र गायब.

त्या दिवसांत रिव्हॉल्वर हरवणं म्हणजे माणूस हरवण्यापेक्षा वाईट. वरपासून खालपर्यंत सगळे हलले. चिमाजी फौजदारांना पाठवलं आणि जबान्या टिपायला मला. चिमाजीरावांची पेन्शन जवळ आली होती. टांग्यात बसले की डोळे मिटायचे, उतरताना गुडघे धरायचे. गाव माझंच होतं, हे मी वाटेत सांगितलं. ते डोळे न उघडता म्हणाले, "मग तुला तर कुणीच खरं सांगणार नाही."

विमानांचं आमच्या गावाला वेड. कँपातल्या तोफांचा सराव सुरू झाला की ती पाण्यावरून घिरट्या घालायची. दोन जातींची. एकाचं तोंड गोल, त्याला गाव 'मडकं' म्हणायचं. दुसरं चोचीचं, तो 'बगळा'. शफी कँपात मासे विकायचा, त्याला खरी नावं माहीत. मडकं म्हणजे वापिटी, बगळा म्हणजे हार्ट. पण ओळखायची पद्धत सगळ्यांची एकच, कानानं. मडकं खोकत यायचं, बगळा किणकिणत. घरात बसून लोक आधी नाव सांगायचे, मग बाहेर धावायचे.

आणि शफीलाच धरलं होतं. वैमानिकाला होडीतून पलीकडे सडकेवर त्यानंच पोचवलं, म्हणून.

चावडीत चिमाजीरावांनी त्याला समोर बसवलं.

"विमान कधी दिसलं?"

"डोक्यावर आलं तेव्हा. मी होडीत जाळं ओढत होतो. सावली पडली म्हणून वर बघितलं. बगळा होता."

"आवाज आला नाही?"

"नाय साहेब. नुसती पंखांच्या तारांची शीळ. आवाज नव्हताच."

चिमाजीराव हसले. "मी बैलगाडीसुद्धा बिनआवाजाची पाहिली नाही."

"आणि पिस्तूल?" त्यांनीच पुढं विचारलं.

"सायबाचा पट्टा आवळला होता, तो सोडला. पिस्तुलासकट सीटवरच राहिला. सायबाच्या डोक्यातून रक्त येत होतं, मी पट्टा बघू का माणूस?"

साक्षीदार एकच होता, धरणाच्या भिंतीवरचा चौकीदार पुंजा. चिमाजीराव थकले होते. त्यांनी सरळ विचारलं, विमानातून काही उचलून नेणारा शफीच होता ना? पुंजा हो म्हणाला. भिंतीवरच्या खोलीत बसलो होतो, म्हणाला. बगळ्याचा आवाज ओळखला, बाहेर आलो, तर खाली शफी विमानावर चढलेला. त्यानं काहीतरी होडीत टाकलं.

शफीची होडी उलटी केली. घराची जमीन उकरली. त्याची आई जैतुनबी उंबऱ्यात बसून बघत होती. रिव्हॉल्वर मिळालं नाही, म्हणून शफीला नाशिकला कोठडीत नेलं. वरून हुकूम आला की मिळो न मिळो, कागद तयार करा. शफी पाच-सात वर्षं आत जाणार हे सगळ्यांना कळत होतं.

दोन-चार दिवसांनी आम्ही परत गावात गेलो. कशाला, ते चिमाजीरावांनाही सांगता आलं नसतं. "चैन पडत नाही," एवढंच म्हणाले.

काठावर धोंडाबाई पापड वाळत घालत होती. चिमाजीराव बाभळीच्या सावलीत टेकले आणि पाणी मागितलं. तिनं तांब्या दिला आणि वर शिव्याही.

"तुमच्या त्या इमानांनी माझं वाटोळं केलं. आवाज आला की पोरं वर बघत पळतात, अन् पाय माझ्या पापडांवर."

"त्या दिवशीही तुडवले का?"

"नाय. त्या दिवशी सगळे शाबूत. उचलून डब्यात भरले तवा कळलं, तिकडं इमान पडलंय म्हून."

चिमाजीरावांनी तांब्या खाली ठेवला. बराच वेळ ते पापडांकडे बघत राहिले.

मग आम्ही गाळात उतरलो. विमान लष्करानं ओढून नेलं होतं, चाकांचे चर राहिले होते. त्यांच्या अंगालाच पुंजाची टरबुजाची वाडी. पाणी उतरलं की तो तिथं वेल लावायचा. मधे पाचटाची खोप. वेल हिरवेगार, एकच तेवढा मान टाकून पडला होता. चिमाजीरावांनी एक टरबूज बोटानं वाजवलं आणि म्हणाले, "कँपात जाऊन येऊ."

कँपात त्यांनी विमानांच्या मिस्त्रीला एकच प्रश्न विचारला. मला बाहेर ठेवलं. परत येताना टांग्यात त्यांनी डोळे मिटले नाहीत.

पुंजाला वाडीतच बोलावलं. गावही जमलं.

"पुंजा, बगळा कसा ओळखलास?"

"आवाजावरनं. आमी सगळे तसंच वळखतो."

"खोलीत होतास तेव्हा?"

"व्हय."

चिमाजीराव गावाकडे वळले. "त्या दिवशी विमानाचा आवाज कुणी ऐकला?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. केरू न्हावी पुटपुटला की आपण तर घरीच होतो, मग कसं काय कळलं नाही.

"एरवी घरघर झाली की सगळं गाव काठावर येतं," चिमाजीराव म्हणाले. आवाज थकलेला, जसं काही पगाराचा हिशेब सांगत होते. "त्या दिवशी पोरं धावली नाहीत. धोंडाबाईचे पापड शाबूत राहिले. का? कारण शफी खरं बोलत होता. पेट्रोलची नळी तडकली होती. इंजिन तिकडे डोंगरावरच बंद पडलं, विमान घारीसारखं तरंगत खाली आलं. मिस्त्रीनं सांगितलं. सगळ्या गावाला आवाज आला नाही, पुंजा. तुला एकट्याला आला."

पुंजाचा हात धोतराच्या काठाशी गेला.

"तू खोलीत असतास तर तुलाही कळलं नसतं. बगळा हे तुला माहीत, म्हणजे तू डोळ्यांनी बघितलास, अगदी जवळून. तू इथं वाडीत होतास. शफी साहेबाला घेऊन होडीत बसेपर्यंत खोपीत दडलास. त्या वेलाला काय झालं रे?"

"मर लागली आसंल."

"एकालाच? उपट."

पुंजा हलला नाही. केरूनं वेल धरला, तो मुळांशिवाय हातात आला. खालच्या खतात फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्वर होतं.

कोल्हे येतात, पुंजा म्हणाला, टरबुजं फोडतात. नुसतं हातात धरून बघू म्हटलं. परत ठेवायला निघालो तर सडकेवरून सोल्जर येताना दिसले.

"आणि शफीचं नाव का घेतलंस? त्यानं तुझं काय केलं होतं?"

पुंजानं वर बघितलं. "नाव तुमीच घेतलं साहेब. शफीच होता ना, आसं इचारलं. नाय म्हणलो आसतो, तर मंग कोण व्हतं, आसं इचारलं आसतं."

चिमाजीरावांनी टोपी काढली, आतला घाम पुसला आणि परत घातली. नाशिकला पोचताच शफीच्या कोठडीकडे गेले. कुलूप त्यांनी स्वतः काढलं.

पुढच्या रविवारी मी गावी गेलो. शफी काठावर जाळं शिवत होता. वरून विमान खोकत गेलं. पोरं धावली, मागून धोंडाबाईच्या शिव्या आल्या. शफीनं मान वर केली नाही.

"वापिटी," तेवढं म्हणाला.

मी म्हटलं, पुन्हा असं काही उतरलं तर आधी बोंब मार. गावाला बोलव, चार डोळे आले की मग माणसाला हात लाव.

"तोवर मरंल ना तो."

त्यानं दोऱ्याला गाठ मारली, दातानं तोडली.

"मी जाईन रे," तो म्हणाला. "आत माणूस असतोय. पण मागून माझं कोण ऐकणार? तुझ्या फौजदाराला तरी खरं वाटलं का?"

"तू आधी माणसाला काढ," मी म्हटलं. "त्या दिवशीही तू खरंच बोललास, आवाज नव्हता, हे मी सांगीन. कुणीही विचारू दे, कुठंही. कागदावर सांगीन."

"शब्द?"

"शब्द."