मुंगीचं सोंग

तन्मयीच्या तोंडून एक शब्द निसटला आणि चंद्रावरच्या एकुलत्या एका मधमाशांच्या पेटीवर संक्रांत आली.

शब्द होता ‘मुंगी’. वसाहतीच्या काचघरात काकडीच्या पानावर तांदळाच्या दाण्याएवढं तांबूस काहीतरी तुरुतुरु धावताना दिसलं आणि ती बोलून गेली. जवळच टिप्या होता. टिप्या म्हणजे काचघराची नोंदवही सांभाळणारा यंत्रमानव, कानाचा तिखट आणि डोक्याचा हट्टी. मुंग्या एकदा पसरल्या की आवरत नाहीत, म्हणून नियम होता : मुंगी दिसली की तासाभरात काचघरात विषारी धूर. धुराला मुंगी काय नि मधमाशी काय, सगळ्या सारख्याच. पेटी बाहेर न्यायचीही सोय नव्हती, न जाणो मुंगी तिच्यातच लपलेली असायची.

ती पेटी तन्मयीनं वर्षभर जिवापाड जपली होती. तिनं आत्याला हात धरून त्या पानापाशी आणलं.

“आत्या, त्यानं आत्ता उडी मारली. मुंगी अशी उडी मारते?”

सुनंदाआत्या कीटकशास्त्रज्ञ (किड्यांचा अभ्यास करणारी) होती. ती पानावर वाकली. “काही कोळी मुंगीचं सोंग घेतात गं. पुढचे दोन पाय वर धरतात, म्हणजे ते मिशांसारखे दिसतात. चावऱ्या मुंगीच्या वाटेला कोण जातंय?”

“माणसाचा शब्द मी पुराव्याशिवाय खोडत नाही,” टिप्या म्हणाला. “वीस मिनिटं उरलीत.”

आत्यानं कॅमेऱ्याला भिंग जोडलं आणि पान चिमट्यात धरलं. पहिल्या फोटोत दोन काळेभोर डोळे लख्ख आले. बाकी सगळं धुकं.

“मुंगीलाही दोन डोळे असतात,” टिप्या म्हणाला.

तन्मयीला रडू फुटायच्या बेतात होतं. “एवढ्या जवळून काढूनही असं का?”

“जवळून काढला म्हणूनच,” आत्या म्हणाली. “भिंग जितकं जवळ, तितकी स्पष्टतेची खोली (पुढून मागे एका वेळी जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं अंतर) कमी. इथे ती केसापेक्षाही पातळ आहे. डोळे धरले की डोकं सुटतं.”

तन्मयी वेलावरच्या काकडीकडे बघत राहिली. “मग चकत्या काढू. प्रत्येक फोटोत एकेक चकती स्वच्छ येईल. नंतर त्या एकावर एक रचायच्या.”

“अगदी तसंच करतात,” आत्या म्हणाली. “पण सगळे फोटो होईपर्यंत तो जराही हलता कामा नये.”

आत्यानं पंखा बंद केला. तन्मयीनं कॅमेरा पुढे सरकवणारा स्क्रू केसभर फिरवला, फोटो काढला, पुन्हा केसभर फिरवला. तेविसाव्या फोटोला तिनं सुस्कारा सोडला, पान थरथरलं आणि सोंगाड्या दोन पावलं सरकला. सगळी मेहनत पाण्यात.

“नऊ मिनिटं,” टिप्या म्हणाला.

पुन्हा पहिल्यापासून. आता ती श्वास तोंड फिरवून सोडत होती. हात घामेजला, मानेला रग लागली. पस्तीस. छत्तीस. त्यानं एक पाय उचलला. तन्मयीनं बोटं स्क्रूवरच थांबवली. पाय हळूच खाली आला. चाळीस.

संगणकानं प्रत्येक फोटोतला स्वच्छ भाग वेचून एकच चित्र जुळवलं. टिप्या मोजू लागला. समोर ओळीनं चार डोळे. त्यांच्यामागे दोन, अगदी बारीक. आणखी मागे दोन. मिशा नाहीतच, पाय मात्र आठ.

“आठ डोळे,” टिप्या म्हणाला. “कोळी. धूर रद्द.”

तन्मयी मटकन खालीच बसली. पेटीतून नेहमीची गुणगुण येत होती आणि ती ऐकता ऐकता तिचे डोळे भरून आले.

“मुंगी होऊन साखर खावी म्हणतात,” आत्या हसली. “हा पठ्ठ्या मुंगी होऊन धूरच खाणार होता. बाकी चंद्रावर आपल्यासोबत अजून कोण कोण आलंय, ते आता तूच शोध.”

तेवढ्यात काकडीच्या फुलातून काहीतरी हिरवं, चमचमतं बाहेर डोकावलं. टिप्यानं नोंदवही उघडली.

“काय लिहू?”

तन्मयीनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मग तिनं कॅमेरा ओढून घेतला.

“थांब जरा. आधी बघू दे.”