नानाखेड्यातली वीजचोरी

यशोधनच्या पत्राला वसंतरावांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्रात मजकूर तो केवढा! 'भय्यासाहेबांकडे खोली तुम्हीच मिळवून दिलीत. आता तुम्हीच सांगा, मी वीजचोर आहे का?'

सतार शिकवून पोट भरणारा सरळ माणूस. पण बिल दुपटीवर गेलं होतं आणि दिवाळी सरताच भय्यासाहेबांनी त्याला चोर म्हणून बाहेर काढलं होतं. निवृत्त ग्रंथपाल वसंतरावांना पुस्तकांवर विश्वास ठेवायची सवय होती, स्वतःवर ठेवायची नव्हती. 'नाहीस' म्हणावं तर पुरावा कुठे? 'असशील' लिहायला हात धजेना.

आणि आज नानाखेड्यातल्या त्याच घरात ते मधुरा चिटणीस यांच्यामागे पिशवी सांभाळत उभे होते. मधुराताई खासगी तपास करीत. वसंतराव त्यांची टिपणं घेत, आणि उलगडा त्यांना बहुधा सगळ्यांत शेवटी होई.

"भाडेकरू गेला, तरी बिल तेवढंच!" भय्यासाहेब बिल फडकावत म्हणाले. "मैं तो दंग रह गया, मधुराताई. सगळे बल्ब बदलले, मोठा फ्रीज विकला. नवरात्रात गीझरचं बटण मी स्वतःच्या हाताने न्हाणीघराबाहेर कुलपाच्या डब्यात बसवलं. मिस्त्री-विस्त्री काही नाही. किल्ली ही इथे, जानव्याला."

"आणि बिल कधीपासून वाढलं?"

"त्याच सुमारास. चोराने मुहूर्त बरोबर गाठला!"

"आता संशय कोणावर?"

भय्यासाहेबांनी मान हलवली, ती स्वयंपाकघराच्या दिशेने. "सूनबाई घरूनच नोकरी करतात."

गौरी ओट्याशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"सतारीचे सर गेले, आता माझा नंबर," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मला न् अमोलला वेगळं बिऱ्हाड करा म्हणतात. एक लॅपटॉप एवढी वीज खातो का हो, ताई?"

"अंघोळीचं पाणी?"

"आमचं गॅसवर तापवतो आणि मागच्या मोरीत उरकतो. न्हाणीघर एकट्या माईंचं. कार्तिकात धरलेलं पहाटेच्या गार पाण्याचं स्नान त्यांनी अजून सोडलं नाही. या थंडीत साधी शिंकसुद्धा नाही! मला तर नुसतं ऐकूनच हुडहुडी भरते."

भय्यासाहेबांच्या पत्नी माई न्हाणीघराच्या भिंतीलगत तुळशीला पाणी घालत होत्या. शेजारी जमिनीतून लोखंडी पट्टी वर आली होती. माती भेगाळलेली, तुळस वाळून काडी झालेली.

"दोनदा पाणी घालते, तरी जगेना," माई म्हणाल्या.

वसंतरावांनी टिपलं : 'तुळस वाळली. महत्त्वाचं नाही.'

"पहाटे त्रास नाही होत, माई?" मधुराताईंनी विचारलं.

"त्रास कसला? बादलीत आधी नदीच्या राम घाटावरचं पाणी थेंबभर घालायचं, मग नळ सोडायचा. क्षिप्रामाई सांभाळते. नळाला हात लावला की अंगावर काटा येतो बघ." मग त्यांनी ओठ मिटले. "पुढचं नाही सांगणार. अनुभव बोलला की जातो."

मधुराताईंनी घरातलं एकूण एक बटण बंद करायला लावलं. यशोधनच्या रिकाम्या खोलीचा फ्यूजही काढवला. मीटरचा लाल दिवा तरीही लुकलुकत होता.

"देखा! कोणीतरी बाहेरून तार टाकली आहे!" भय्यासाहेब ओरडले.

मधुराताईंनी घराचा मेन स्विच खाली ओढला. दिवा थांबला. वर केला, पुन्हा लुकलुकू लागला.

"बाहेरून नाही. वीज घरातच जाते आहे."

"पण सगळं तर बंद आहे!" वसंतराव पुटपुटले.

माई मातीचे हात धुवायला न्हाणीघरात वळल्या.

"माई, नळाला हात लावू नका!"

मधुराताईंच्या आवाजाने सगळे जागच्या जागी थिजले. त्यांनी पिशवीतून टेस्टर काढला आणि पितळी नळाला टेकवला.

टेस्टर पेटला.

मधुराताईंनी आधी मेन स्विच बंद केला, मगच त्या बोलल्या.

"भय्यासाहेब, गीझरला दोन तारा. एकीने वीज येते, दुसरीने परत जाते. बटण येणाऱ्या तारेवर हवं. तुम्ही ते परतीच्या तारेवर बसवलंत. गीझरचा दिवा विझला, तुम्हाला वाटलं गीझर बंद. पण वीज आत येतच राहिली. आतली कॉइल तडकलेली. परतीची वाट तुम्ही तोडलीत, मग विजेने दुसरी शोधली : पाण्यातून, गीझरच्या पत्र्यातून, त्या अर्थिंगच्या पट्टीवाटे जमिनीत. रात्रंदिवस. तिथली माती भाजली, तुळस गेली."

"पण पाणी..." गौरी म्हणाली.

"गरम यायचं. या नळाला पाणी गीझरमधूनच येतं. मग गार म्हणवणाऱ्या पाण्याने नाहून माईंना सर्दी कशी होणार? खरं ना, माई?"

माई नळापासून मागे सरकल्या. "बाई गं! मला वाटलं, पाणी ऊन होतं तो त्या थेंबाचा प्रताप. आणि तो काटा..."

"झटका होता. पट्टीने बरीचशी वीज ओढून घेतली म्हणून तुम्ही आज बोलता आहात. ती पट्टी तुटली असती, तर एका पहाटे..."

भय्यासाहेबांनी जानव्याची किल्ली मुठीत गच्च धरली. चेहरा पांढराफटक. "मी हिला रोज... माझ्या हाताने..." मग म्हणाले, "आणि त्या मास्तरला मी चोर म्हणालो. गल्लीत उभं राहून."

गौरीने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे धरला. तिच्याकडे न बघताच ते म्हणाले, "बेटा, अमोलला सांग, बिऱ्हाडाचं राहू दे."

वसंतराव तिथेच पायरीवर बसून पत्र लिहू लागले. 'तू चोर नाहीस' एवढं लिहायला आज क्षणही लागला नाही. खाली सगळी हकिकत लिहिली. हे आपण पुराव्याआधीच लिहायला हवं होतं का, हे मात्र त्यांना ठरवता येईना.

भय्यासाहेबांनी कागद मागून घेतला. खाली त्यांनी एकच ओळ लिहिली : 'खोली झाडून ठेवतो. या.'

बसस्टँडाजवळच्या लाल पेटीत वसंतरावांनी ते पाकीट टाकलं.